अख्ख्या गावाची लग्नं एकाच दिवशी

आज गालिचनिकला जाऊन आलो. उत्तर मॅसेडोनियातलं गाव, साधारण 1400 मीटर उंचीवर, मावरोवो तळ्याकडून वर चढणारा रस्ता असला वळणाचा की बायको डोळे गच्च मिटूनच बसली होती. वर पोचलो तर डोंगराच्या उतारावर एकावर एक रचल्यासारखी दणकट दगडी घरं, आणि बहुतेकांना कुलूप. 2002 च्या जनगणनेत इथे माणसं किती? 3. तीनशे नाही हो, तीन! एका रिक्षात मावतील.

इथले लोक म्हणजे मियाक, मूळचे मेंढपाळ, पण बाप्ये गवंडीकाम, लाकडाचं कोरीवकाम करायला वर्षानुवर्षं लांब जायचे, त्याला पेचाल्बा म्हणतात, आणि उन्हाळ्यात सगळे घरी यायचे म्हणून लग्नंही एकदमच, 12 जुलैच्या पेत्रोवदेनला, म्हणजे संत पीटरच्या सणाला. म्हणजे आपले कोकणातले चाकरमानीच की! 1875 मध्ये तीन भाषांचा शब्दकोश काढणारा गॉर्गी पुलेव्स्की इथलाच, तोही गवंडी (हे वाचून मी उगाच खूश झालो). अजूनही त्या सुमाराला दरवर्षी एका जोडप्याचं लग्न जुन्या पद्धतीने लावतात, ढोल, झुर्ला (आपल्या सनईसारखं वाद्य), नवरदेवाची दाढी करायचा विधी, तेव्हा म्हणे पाय ठेवायला जागा नसते.

आम्ही गेलो सप्टेंबरात, त्यामुळे नुसता शुकशुकाट. एका खिडकीतल्या कुंडीला मात्र कोणीतरी आत्ताच पाणी घातलेलं, खालच्या दगडावर टपटप चालू होती. दोनदा हाक मारली, कोणी डोकावलं नाही. खाली उतरताना मेंढीचं चीज घेतलं, जाम खारट निघालं, आता चपातीत भरून संपवतोय.