आजची कमाई: एक डाग

आज दिवसभर चरात बसून होतो, गुडघे पार गेलेत. रेल्वेची नवीन लाईन जायचीय त्या पट्ट्यात रूळ पडायच्या आधी जमिनीखाली जुन्या माणसांच्या काही खुणा आहेत का ते बघायचं पुरातत्त्वाचं काम, म्हणजे अख्खं रान खणायचं नाही, ठराविक अंतरावर लांब चर मारायचे, जेसीबीला दाते नसलेलं बकेट लावून वरची माती हळूहळू खरवडायची आणि मग आम्ही खुरपी घेऊन खाली. लोकांना वाटतं सोनंनाणं निघतं. मला मिळाला काळपट मातीचा एक गोल डाग, ताटलीएवढा!! पण तो डाग म्हणजे कधीकाळी कुणीतरी रोवलेल्या लाकडी खांबाचा खड्डा, लाकूड कुजून गेलं, वेगळी माती भरली, रंग तेवढा राहिला. आधी अर्धाच खणायचा, मग छेद नीट दिसतो, फोटो, ड्रॉइंग, आणि त्यानंतर उरलेला. तळाशी नखाएवढा कोळसा निघाला, तो कार्बन डेटिंगला, म्हणजे किती जुना ते काढायला (ते साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालतं).

इंग्लंडात चॅनल टनेलच्या (इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा) रेल्वेलाईनच्या वेळी एब्सफ्लीटला सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीचा हत्ती सापडला होता, सरळ सुळ्यांचा, आणि बाजूला चकमकीच्या दगडाची हत्यारं पडलेली. आमच्याकडे हत्ती नाही, डाग आहे. तीनच्या सुमारास पहिल्याच्या रांगेत दुसरा डाग दिसला, म्हणजे खांबांची ओळ असू शकते, आणि मी येड्यासारखा ओरडलो, ड्रायव्हरने घाबरून मशीनच बंद केलं.