चूक नेमकी कोणाची?

गाडीने चालणाऱ्याला उडवलं की लोक लगेच दोन गट पाडतात, एक म्हणतो गाडीवाल्याचीच चूक, दुसरा म्हणतो तो मधेच आला ना, पण कायदा असं एका झटक्यात ठरवत नाही. आधी बघतात की दोघांनी वाजवी काळजी घेतली होती का. झेब्रा क्रॉसिंग होतं का, सिग्नल कोणाचा होता, उजेड किती होता, आणि मुख्य म्हणजे स्पीड.

स्पीडचं गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. ताशी ५० किमीने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे माणूस दिसला आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं, ३० ला तेच साधारण ८ मीटर. म्हणून "तो अचानक आला" एवढं म्हणून ड्रायव्हर सुटत नाही, स्पीड कमी असता तर थांबता आलं असतं का हे विचारलं जातंच. टायरच्या खुणा, काच कुठे फुटली, सीसीटीव्ही, सगळं त्यासाठीच तपासतात.

चूक वाटूनही घेतली जाते. बऱ्याच देशांत चालणाऱ्याची ३० टक्के चूक ठरली तर भरपाई तेवढीच कापतात. फ्रान्समध्ये मात्र १९८५ च्या कायद्यामुळे चालणाऱ्याच्या शारीरिक इजेची भरपाई साध्या निष्काळजीपणावरून नाकारता येत नाही, आणि मला हेच बरोबर वाटतं, कारण टनभर लोखंड एकाकडेच असतं.

आणि हो, जागेवर घाईत "माझीच चूक" म्हणू नका, आधी जखमीला बघा, मग फोटो काढा.