पंधरा मिनिटं

"होमिओपॅथीचे थेंब घेतले जी साहेब, आत्ताच. दारू नाही."

नागभीड रस्त्यावर आज संध्याकाळी नाकाबंदीत एक दुचाकीवाला कळवळून सांगत होता. श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनवर आकडा आलाच होता.

तो खरं बोलत असू शकतो. त्या थेंबांत अल्कोहोल असतं. ते तोंडात रेंगाळतं आणि मशीनला वाटतं, फुप्फुसातून आलं. तपासायचा उपाय सोपा आहे: 15 मिनिटं थांबवा, काही खाऊ-पिऊ देऊ नका. मशीन शून्यावर आलं का बघा, नवी नळी लावा, मग सलग लांब फुंकायला लावा. थेंबांचा आकडा धाडकन खाली येतो. पोटात दारू असेल तर तो फारसा हलत नाही, उलट वाढूही शकतो.

कायद्यानं अल्कोहोलची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिग्रॅ, आणि मशीन रक्त मोजतच नाही, श्वासावरून अंदाज बांधतं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याचा दंड 2,000 वरून 10,000 रुपयांपर्यंत नेला; सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दंड हवाच, पिऊन चालवणारा माणसं मारतो.

पण अटक केली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी, हेही कायद्यातच आहे. रात्री आपल्या भागात तो डॉक्टर गाठायचा कुठं?