राणीछाप रुपया घासू नका

निपाणीच्या एक काकू सासूबाईंच्या पेटीतले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेले चांदीचे रुपये घेऊन आल्या. चिंच लावून लख्ख केलेले! जीव हळहळला. सराफ चांदी तोलतो, संग्राहक मूळचा पृष्ठभाग बघतो. नाण्यांचा दर्जा ठरवायच्या शेल्डन मोजपट्टीवर आकडे 1 ते 70; 60 पासून पुढं न वापरलेली नाणी. घासलेल्या नाण्याला दर्जा ठरवणाऱ्या नावाजलेल्या संस्था आकडाच देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारतात.

खरा-खोटा पारखायला आधी वजन करा: अस्सल रुपया 11.66 ग्रॅमचा, झिजला तर थोडा कमी. मग भिंग घ्या. ओतीव नकलेत कडेच्या दातऱ्यांवर जोडाची रेघ सापडते, राणीच्या गालावर बारीक छिद्रं दिसतात.

काकूंचा 1862 चा एक काळपट रुपया घासायचा राहिलाय. म्हटलं, काकू, हा कडेनंच धरा.