तुम्ही विचारलंत म्हणून: वरून सगळं दिसतं तर झाडं हाताने कशाला मोजता?

अमेझॉनच्या जंगलात वर्षाला किती झाडं मरतात याचा हिशेब करते असं लग्नाकार्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अगं पण आता सॅटेलाइट आहेत ना, मग टेप घेऊन का फिरता?

तर वरून सगळं दिसत नाही. लँडसॅट या सॅटेलाइटच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर 30 बाय 30 मीटर, त्यात एखादं म्हातारं झाड उभ्या उभ्या वाळलं तर पत्ताही लागत नाही, सहा-आठ एकदम आडवी झाली तर सुकलेल्या लाकडा-पाल्याचा रंग उठून येतो. आणि जुन्या जंगलातली मरणं बहुतेक सुटीसुटीच असतात, वर्षाला शंभरात एक-दोन झाडं. ती धरायला प्लॉटच हवा, म्हणजे मोजणीसाठी आखून घेतलेला जंगलाचा तुकडा, त्यात 10 सेंटीमीटरहून जाड प्रत्येक झाडाला खिळ्याने अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला, जमिनीपासून 1.3 मीटरवर खोडाभोवती टेप, आणि काही वर्षांनी परत तेच. पानं नाहीत म्हणजे मेलं असं नाही हां, चाकूने साल जराशी खरवडायची, आत ओलं हिरवट दिसलं तर स्वारी जिवंत आहे.

पण खरी गोम प्लॉटमध्येच आहे. 2005 च्या जानेवारीत वादळांची एक लांबलचक रांग नैऋत्येकडून ईशान्येकडे अख्खं खोरं ओलांडून गेली, एकट्या मनाउस या ब्राझीलमधल्या शहराच्या आसपास 3 ते 5 लाख झाडं पडली असा अंदाज आहे. त्याच वर्षी पुढे दुष्काळ पडला, त्यामुळे सगळी मरणं आधी त्याच्याच खाती जमा, वादळाचा वाटा कळला 2010 मध्ये, तोही लँडसॅटचे फोटो आणि जमिनीवरची मोजणी जोडल्यावर. आता एवढ्या जंगलात हेक्टरभराचा प्लॉट नेमका अशा झोतात सापडणार कधी? मनाउसकडच्याच 2013 च्या अभ्यासात निघालं की प्लॉटच्या आकड्यातून सरासरी 9.1 ते 16.9 टक्के मरणं सुटतात. म्हणून चार शांत प्लॉट बघून कुणी जंगल वाढतंय म्हणालं की मी आधी विचारते, तिथे शेवटचं वादळ कधी आलं होतं?

आणि फोटोही वेळेत लागतो, नाहीतर सेक्रोपियासारखी घाईची झाडं भराभर उगवतात आणि वरून परत सगळं हिरवंगार, खाली मात्र आडव्या खोडांवरून चढत-उतरत जायचं, टेप दातात धरून.