बांधीतलं घरटं

गोंदियाचा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "नागझिऱ्यात वाघ दिसतो का हो?" दिसतो. पण माझा जीव अडकलाय तो जंगलाबाहेर, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. सारसापाशी.

लहानपणी आमच्या घरामागच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, एक जोडी यायची. पहाटे नर मान वर करून एक हाक देई, ती विरायच्या आत मादीच्या दोन. त्या आवाजानेच मी उठायचो. जवळपास माणसाएवढा उंच पक्षी आपल्या शेतातून चालतो यात काही विशेष आहे, हे कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. आज राज्यात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात, थोडे भंडाऱ्यात. गेल्या काही वर्षांच्या गणनेत आकडा पन्नाशीही गाठत नाही.

गेल्या पावसाळ्यात रोवणी आटोपली आणि एका काकांच्या बांधीत जोडी बसली. सारस घरटं बांधतो म्हणजे अवतीभवतीचा धान आणि गवत चोचीने उपटून पाण्यात ढीग रचतो. खाटेएवढी जागा जाते, भोवतालचा धान तुडवला जातो तो वेगळाच. काका चिडले होते. त्यांचं चुकत नव्हतं. रोवणीची मजुरी मी दिली नव्हती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून सगळं ऐकून घेतलं आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात मादी उठली. नर आला, बसण्याआधी त्याने दोन्ही अंडी चोचीने हलकेच फिरवली. काकांनी दुर्बीण बराच वेळ परत दिली नाही.

मला धास्ती होती ती वेगळीच. आदल्या वर्षी नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू शेतावरून गेलेल्या विजेच्या तारेला लागून मेलं. तार हलवा म्हणून आम्ही तीनदा अर्ज दिले होते. ते पिल्लू मी उचललं तेव्हा त्याच्या पायांचा चिखल वाळलेलाही नव्हता. अजूनही त्या तारेखालून जाताना नजर वर जाते.

ऑगस्टात सतत तीन दिवस पाऊस लागला. रात्री अकराला फोन. "बाबू, पानी चढून राहिला. घरटा बुडते."

"येतोच काका."

"तू येईपर्यंत होते का? मी चाललो."

पहाटे पोचलो तर धुरा दोन ठिकाणी फोडलेला, पाणी खालच्या बांधीत उतरत होतं. घरटं काठोकाठ भिजलेलं, पण त्यावर हिरवा, ताजा उपटलेला धान चढला होता. जोडीने रातोरात ते उंच केलं होतं. मादी बसून होती. पाण्याबरोबर त्याच आठवड्यात टाकलेला युरियाही वाहून गेला. त्याबद्दल काका एक शब्द बोलले नाहीत, म्हणून मलाच राहवलं नाही. पुढच्या खेपेला मी एक पोतं घेऊन गेलो.

दोनातलं एकच पिल्लू निघालं. तांबूस, मोठ्यांच्या पायांत घुटमळणारं. काकांनी कापणी केली ती त्या कोपऱ्यात सगळ्यात शेवटी.

परवा पुन्हा त्यांचा फोन आला. "तिघं बी बोडीवर हायेत. येतोस?"