अर्धी मात्रा आधी

आमच्या गटात प्रत्येकाला खुणेचं एक नाव आहे. माझं नाव म्हणजे बोटाने चष्मा वर सरकवणं. संबळवाल्या काकांचं, दोन्ही मुठी कमरेपाशी. ही नावं जिने ठेवली तिचं स्वतःचं नाव डाव्या भुवईवर दोनदा बोट टेकवून घेतात; लहानपणी पडल्याचा बारीक व्रण आहे तिथे. म्हणून इथेही तिला भुवईच म्हणते. ती जन्मापासून कर्णबधिर आहे आणि तीन वर्षं आमच्याबरोबर काम करते आहे.

आम्ही आठ जण. सहा नट, काका आणि मी. दिग्दर्शन, दिवे, हिशेब, टेम्पोवाल्याशी घासाघीस, सगळं माझ्याकडे. आमच्या नाटकांत संवाद जवळजवळ नसतात, शरीरानेच सगळं सांगायचं. पॅरिसमध्ये १९५६ साली ज्यांनी या कामाची शाळा काढली ते जॅक लकॉक मुळात व्यायामाचे शिक्षक होते, आणि हे मला नेहमी जवळचं वाटत आलंय, कारण आमचा सगळ्यात भरवशाचा नटसुद्धा नाटकातून आलेला नाही. बारा वर्षं साताऱ्याला मल्लखांब केलेला गडी आहे तो. लकॉकच्या शाळेतला तटस्थ, म्हणजे कुठलाच भाव नसलेला मुखवटा चामड्याचा असतो, आमचा कागदाच्या लगद्याचा. चेहरा झाकला की बाकीचे पहिल्या दिवशी गांगरले होते. भुवई नाही गांगरली. ती समोरच्याची पाठ वाचते.

नाटक पाण्याचं आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लागली. आमच्यातल्या दोघांच्या घरांनी ते दिवस काढलेत. त्यातून पंचावन्न मिनिटांचं हे नाटक उभं राहिलं. सहा माणसं, अकरा घागरी, एक संबळ.

मधोमध विहिरीचा प्रवेश आहे. टँकर आला की पाणी विहिरीत सोडतात आणि मग काठावर जी झुंबड उडते, ती. साताऱ्याच्या गड्याच्या खांद्यांवर भुवई उभी राहते, तोच विहिरीचा काठ. मागे चौघं समोरासमोर दोन ओळींत, तळवे वर, हात एकाआड एक, माना मागे. भुवई हात छातीशी घेते, अंग फळीसारखं ताठ करते आणि पाठीवर सरळ खाली येते. संबळाच्या एका ठोक्यावर.

तालमी सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर होतात. खाली सागवानी तुळया, वर फळ्या. संबळ एरवी कमरेला बांधून उभ्याने वाजवतात. आमचे काका तो जमिनीवर ठेवून वाजवतात, म्हणजे ठोका फळ्यांतून अनवाणी तळव्यांत पोचतो. ही युक्ती मी काढली होती, आणि भुवईचे सगळे क्यू, म्हणजे कधी काय करायचं याचे इशारे, याच युक्तीवर चालतात असं मी तीन वर्षं धरून चालले होते. माझ्या वहीत मात्र एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती: ‘भुवई, अर्धी मात्रा आधी.’ विहिरीच्या प्रवेशात हटकून. एकदा तर पकडणाऱ्या मुलीचं मनगट मुरगळलं. मी भुवईला खूप बोलले होते. ती ऐकून घ्यायची, ‘बघते’ म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रयोग ठरला. पहाटे चारला निघालो, नगरमार्गे. अकराच्या सुमाराला पोचलो तर कॉलेजच्या दारात फ्लेक्स: ‘मूकबधिर कलावंताचा सहभाग’. भुवईने तो वाचला, बॅगेतून जाड मार्कर काढला, खुर्ची मागितली आणि ‘मूक’ खोडलं. माझ्याकडे बघून खूण केली, ‘मी तर दिवसभर बोलते.’ ज्यांनी फ्लेक्स केला त्या सरांना खरंच वाईट वाटलं होतं, त्यांनीच खुर्ची धरली.

आत जाऊन चप्पल काढली आणि माझ्या पोटात गोळा आला. रंगमंच भरावाचा, वर शहाबादी फरशी. काकांनी संबळ ठेवला, सगळ्या ताकदीने वाजवला. मी ओणवी होऊन दोन्ही तळहात फरशीला लावले. काही नाही. थंडगार.

गावातल्या मंडपवाल्याकडून स्टेजची लाकडी टेबलं आणली. बारा टेबलं, एकमेकांना दोरीने आवळली. कंप पोचत होता, पण इतका हलका की त्याच्यावर माणसाचा जीव लावणं शक्य नव्हतं, आणि टेबलं जोडावर डुगडुगत होती. दीड वाजला होता, प्रयोग सहाचा. मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की विहिरीची उडी आज नाही. भुवई काठावर उभी राहील, अंधार करू, पुढे जाऊ.

आमच्या दुभाष्या म्हणजे भुवईची धाकटी बहीण, पण तिची परीक्षा असल्यामुळे ती आली नव्हती. माझी सांकेतिक भाषा कच्ची. त्यामुळे पुढचं बोलणं निम्मं खुणांनी आणि निम्मं तिच्या मोबाइलवर टाइप करून झालं. तिने लिहिलं: ‘का?’

मी लिहिलं, जमीन मुकी आहे. माझ्या हातून नेमका तोच शब्द गेला.

तिने मोबाइल घेतला आणि बराच वेळ टाइप करत राहिली. मग स्क्रीन माझ्यापुढे धरली. ‘उडीच्या वेळी माझे पाय जमिनीवर असतात का? मी त्याच्या खांद्यांवर असते. तिथे संबळ कुठून येणार?’

मी ते दोनदा वाचलं. तीन वर्षं तो प्रवेश मी बसवत होते, दिवे टाकत होते, वेळ मोजत होते. तिचे पाय कुठे आहेत हे मी रोज बघत होते.

मग तिने साताऱ्याच्या गड्याला उभं केलं, वर चढली आणि मला जवळ बोलावलं. खाली वाकून माझा हात धरला आणि त्याच्या गळपट्टीच्या हाडाजवळ, आपल्या टाचेच्या अगदी शेजारी दाबून ठेवला. काकांना खूण केली. त्यांनी काठी उचलली. ठोका पडायच्या आधी, अगदी थोडं आधी, माझ्या बोटांखाली ते हाड वर आलं. श्वास. त्याने श्वास भरला, मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आवळले आणि मग ठोका वाजला. पुन्हा करून बघितलं, तेच. गड्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘ताई, मी मुद्दाम काहीच करत नाही. काकांचा खांदा वर गेला की आपोआप होतं.’ मल्लखांबावर उडी घ्यायच्या आधी घेतात तोच श्वास.

म्हणजे काकांचा खांदा, मग ह्याचा श्वास, मग भुवई. ती वेळेवरच पडत होती. आम्ही बाकीचे आवाज व्हायची वाट बघत होतो, आणि आवाज या सगळ्यात शेवटी येतो. काका बसल्या जागेवरून म्हणाले, ‘पोरगी बराबर हाय. ठोका मारायच्या आदी ह्ये हितं वाजून गेल्यालं आसतंय,’ आणि छातीवर मूठ ठेवली.

मी तिची माफी मागितली. त्यासाठीची खूण मला येत होती, पण नीट केली की नाही कोण जाणे. हात थरथरत होते. भुवईने माझा हात बाजूला केला आणि पकडणाऱ्या चौघांकडे वळली. वेळ कमी होता.

पुढचे तीन तास तिने तालीम घेतली. टेबलं तिने काढायला लावली. काकांना विंगेतून बाहेर आणलं, रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात पुढे बसवलं, जिथून त्यांचा खांदा सगळ्यांना दिसेल. हे तिने पहिल्याच महिन्यात सुचवलं होतं; लोकांची नजर काकांकडे जाईल म्हणून मी नाही म्हटलं होतं. जमिनीवरचे अकरा क्यू तिने तिथून एकेक करून बघून घेतले. मग चौघांच्या कानांत कापसाचे बोळे. काकांना काठ्या हवेतच फिरवायला लावल्या. चौघांनी गड्याच्या पाठीकडे बघायचं, बरगड्या फुगल्या की गुडघे सैल सोडायचे. आधी ती नुसती गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावरून पडली. मग टेबलावरून. चुकलं की तिथेच थांबवून, ज्याचं चुकलं त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास कुठे अडतोय ते दाखवायची. साडेचारला खांद्यांवरून पहिल्यांदा पडली. चौघांच्या हातांत ती अशी आली की आवाजसुद्धा झाला नाही. एरवी तळव्यांवर अंग आपटल्याचा एक फटका ऐकू यायचा. तो फटका मला नाटकाचाच भाग वाटायचा.

मनगट मुरगळलेली मुलगी रडायला लागली. तिला म्हटलं, रड, पण बोळे काढू नकोस.

प्रयोगाला हॉल भरला होता. पोरंसोरं, ऊसतोडीहून मधेच परतलेली काही कुटुंबं, पुढच्या रांगेत बायका. पुण्यात विहिरीच्या प्रवेशाला हमखास टाळी पडते. इथे भुवई काठावर उभी राहिली आणि हॉलमधलं खोकणंसुद्धा थांबलं. काकांचा खांदा वर गेला. ती पडली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणी तरी ‘अगं माय’ म्हटलं, हळू, स्वतःशी म्हणावं तसं. टाळी नाही. पुढची दहा मिनिटं त्या हॉलमध्ये कुणी हललं नाही, आणि मी दिव्यांच्या बोर्डामागे पहिल्यांदा ते नाटक संबळाशिवाय बघितलं. म्हणजे संबळ वाजत होता, पण माझं लक्ष सगळ्यांच्या बरगड्यांवर होतं.

नंतर एक आजी रंगमंचावर चढून आल्या. कुणाशी न बोलता एक घागर उचलली आणि भुवईपुढे उभ्या राहिल्या. झुंबडीत घागर कमरेवर घेत नाहीत, धक्का लागून सांडते. पोटाशी, दोन्ही हातांच्या कवेत, कोपरं बाहेर काढून. तीच कोपरं वाट करतात. एक शब्द न बोलता त्यांनी हे दाखवलं, भुवईने करून दाखवलं, आजींनी तिचं उजवं कोपर आणखी दोन बोटं बाहेर ओढलं. आता नाटकात घागर तशीच धरतात.

सोमवारी माडीवर तालीम होती. विहिरीचा प्रवेश आम्ही कापसाचे बोळे घालून आठ वेळा केला. वहीत त्या तारखेखाली लिहिलंय: ‘पकडणारे, अजून उशीर.’ काकांनी संबळ गवसणीत घालता घालता एवढंच विचारलं की आता रोज पुढं बसायचं, तर फेटा नवा घ्यावा का. भुवईने त्यांच्या जुन्या फेट्याकडे बघितलं आणि मान जोरात हलवली. घ्याच.